ढाक्यानंतर सगळा राग एकट्या खालिदवर का?

सेंटरहाफ_दादर | १९ नोव्हेंबर २०२५, रात्री ११.४०

काल ढाक्यात आपला फुटबॉल संघ १-० हरला. बांगलादेशकडून २२ वर्षांनी हरलो, याआधी २००३ ला हरलो होतो. मॅच संपल्यावर टीव्ही बंद करून तसाच बसून राहिलो, बायको म्हणाली जेवून तरी घे. ते दुःख आहेच आणि ते कुणी कमी करून सांगू नये. पण आज सकाळपासून जे वाचतोय, ऐकतोय ते बघून हा धागा काढल्याशिवाय राहवलं नाही. पेपर उघडा, युट्यूब उघडा, सगळीकडे तेच. भारताचा कोच खालिद जमील याला झेपत नाही, जुन्या काळातला कोच आहे, लाँग बॉल खेळवतो (मागून थेट पुढे लांब किक), छोट्या क्लबचा माणूस राष्ट्रीय संघाला आणला की असंच होणार. १ ऑगस्टला त्याची निवड झाली तेव्हा याच लोकांनी १३ वर्षांनी भारतीय कोच मिळाला म्हणून भरभरून लिहिलं होतं. साडेतीन महिने झालेत हो फक्त.

मी खालिदला मुंबईत कूपरेज मैदानावर बघितलंय, मुंबई एफसीच्या दिवसांत. २००९ ते २०१६ तो तिथे कोच होता. मोठं बजेट नाही, मोठी नावं नाहीत, दर सीझनला लोक म्हणायचे यंदा मुंबई एफसी आय-लीगमधून (तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून) खाली जाणार आणि दर सीझनला तो संघ वर ठेवायचा. बघायला देखणं फुटबॉल नव्हतं हे मी पण सांगतो, पण ९० मिनिटं पोरं जीव तोडून पळायची. २०१६ नंतर तो गेला आयझॉलला. ते मिझोरमचं आयझॉल आदल्या सीझनला रेलिगेट झालेलं, म्हणजे लीगमधून खाली गेलेलं, गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले म्हणून परत घेतलं गेलेलं. त्या संघाला त्याने २०१७ ला चॅम्पियन केलं. आणि त्याच सीझनला आमची मुंबई एफसी शेवटची आली, खाली गेली आणि पुढे बंदच पडली. कूपरेजला दर मॅचला जाणाऱ्या आम्हा लोकांना ते अजून लागून राहिलंय.

आता यंदाचं बघा. आयएसएलचा, म्हणजे देशातल्या मुख्य लीगचा, मागचा सीझन एप्रिलमध्ये संपला, सुपर कप मेच्या सुरुवातीला. ११ जुलैला क्लबांना कळवलं की पुढचा सीझन थांबवतोय, कारण फेडरेशन आणि आयोजक कंपनीचा १५ वर्षांचा करार ८ डिसेंबरला संपतोय आणि पुढचं काही ठरलेलं नाही. मग कोर्ट, मग लीग चालवायला कंपनी शोधण्यासाठी टेंडर, टेंडरची मुदत ७ नोव्हेंबरला संपली आणि एकही बोली आली नाही. एकही नाही! काही क्लबांनी सराव बंद केला, काहींनी पगार थांबवले. ज्या खेळाडूला पुढच्या महिन्यात पगार येणार की नाही माहीत नाही त्याला घेऊन हा माणूस सिंगापूरला आणि ढाक्याला गेला, आणि पेपरात मथळा काय तर कोच नापास.

माझं म्हणणं इतकंच की कोचला प्रश्न जरूर विचारा, पण जे प्रश्न दुसऱ्यांचे आहेत ते त्याच्या गळ्यात मारू नका. तुम्हाला काय वाटतं?

गोलकिक | १९ नोव्हेंबर, रात्री ११.५८

+१. मनातलं लिहिलंत.

फर्ग्युसन_कट्टा | २० नोव्हेंबर, सकाळी ७.१५

दादा भावना पोचल्या, पण मी पूर्ण सहमत नाही, आणि मीडियाची बाजू घेतोय म्हणून चिडू नका.

खालिदच्या सात मॅच झाल्या. ताजिकिस्तान जिंकलो, इराणकडून ३-० हरलो, अफगाणिस्तान ०-०, ओमान १-१ आणि पेनल्टीवर जिंकलो, सिंगापूर १-१, सिंगापूर १-२, बांगलादेश ०-१. म्हणजे ९० मिनिटांत जिंकलेली मॅच एकच. हे आकडे काही मीडियाने बनवलेले नाहीत.

लीग बंद आहे हे शंभर टक्के मान्य, पण १४ ऑक्टोबरला गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरविरुद्ध आपल्या छांगटेने १४ व्या मिनिटाला पुढे नेलं तेव्हाही लीग बंदच होती ना? तेव्हा पुढे होतो आणि बरे खेळत होतो. मग आपण हळूहळू मागे सरकत गेलो, मिडफिल्ड आणि बॅकलाइनमध्ये एवढी जागा राहिली की सिंगापूरच्या साँगने ४४ व्या मिनिटाला आरामात बरोबरी केली. हाफटाइमला कोचकडे १५ मिनिटं होती. बाहेर येऊन काय बदललं? ५८ व्या मिनिटाला तोच साँग, दुसरा गोल, आणि एशियन कपचं दार बंद. त्यावर कुणी लिहिलं की कोचने मॅच वाचली नाही तर त्यात मला अन्याय दिसत नाही. आयझॉलचं कौतुक मलाही आहे, पण ते २०१७ आहे आणि हे २०२५ आहे.

फातोर्डा_पूर्व_स्टँड | २० नोव्हेंबर, सकाळी ९.०२

मी त्या मॅचला स्टेडियममध्ये होतो, म्हणून लिहितो. पहिला गोल झाला तेव्हा जो आवाज झाला तो सांगता येत नाही, माझ्या शेजारचे म्हातारे गृहस्थ उभे राहून रडत होते. दुसऱ्या हाफमध्ये संघ दमलेला दिसत होता. टीव्हीवर तेवढं कळत नाही, मैदानात कळतं, बॉल गेला की परत यायला दोन सेकंद उशीर, सगळ्यांचाच. मॅच फिटनेस नाही हे उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. सरावात पळणं वेगळं आणि दर आठवड्याला मॅच खेळणं वेगळं.

आणि बरोब्बर आठ दिवसांनी, २२ ऑक्टोबरला, त्याच मैदानात एफसी गोवा सौदीच्या अल नासरशी खेळला. रोनाल्डो आला नाही, पण फेलिक्स, माने होते त्यांच्या संघात. हरलो १-२, पण आमच्या ब्रायसन फर्नांडिसने गोल केला आणि शेवटपर्यंत झुंज दिली. गोव्याचा संघ ऑगस्टपासून आशियाई स्पर्धेच्या मॅच खेळत होता हे विसरू नका. खेळत राहणाऱ्या संघात आणि बसून राहिलेल्या संघात हा फरक पडतो.

दुसरी एक गोष्ट. खालिदच्या आधी मानोलो कोच असताना पण हेच झालं. आठ मॅचमध्ये एकच जिंकली, मालदीवशी शिलाँगला. तेव्हा सगळे म्हणायचे दोन नोकऱ्या करतो म्हणून असं होतं, गोव्याचा कोच आणि देशाचा कोच एकाच वेळी. मला तेव्हा ते पटायचं. पण त्याच माणसाने मे महिन्यात एफसी गोवाला सुपर कप जिंकून दिला, फायनलमध्ये ३-० कुणाला हरवलं तर खालिदच्या जमशेदपूरला. म्हणजे देशातले दोन चांगले कोच, क्लबात दोघांनी काम करून दाखवलेलं, आणि राष्ट्रीय संघात आले की दोघेही नापास? मग खोट त्या खुर्चीच्या आसपास कुठेतरी आहे असं मला वाटतं.

पेठकर_कोल्हापूर | २० नोव्हेंबर, दुपारी १२.४०

हे शेवटचं वाक्य लाखातलं बोललासा गोवेकर.

आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमींची मॅच असली की पेठच्या पेठ रिकामी होती, घरात लगीन असलं तरी माणसं मॅच बघून मग मांडवात येत्यात. आणि हरलं की रात्री चौकात बसून पहिलं नाव कोचचं निघतंय, का खेळवलं ह्याला, का बसवलं त्याला. ते बोलणं मला समजतंय कारण त्यातला प्रत्येक माणूस मैदानात जाऊन आलेला असतोय, पोरगं कुठल्या तालमीचं, गुडघ्याला काय झालंय सगळं त्याला ठाऊक असतंय. टीव्हीवर बसून वर्षातनं चार मॅच बघणाऱ्यानं खालिदला फुटबॉल शिकवावं हे मला सहन होत नाही.

आता मूळ दुखणं बघा की. गोल कोण मारणार? आयएसएलमध्ये एका संघाचे चार फॉरेनर मैदानात असत्यात. ते चार कुठं खेळत्यात? सेंटर फॉरवर्ड, त्याच्या मागं बॉल देणारा, आणि सेंटर बॅक. मागच्या सीझनला सगळ्यात जास्त गोल मोरोक्कोच्या अजारायचे, २३. भारतीयांत सगळ्यात जास्त १४, आणि ते कुणाचे तर छेत्रीचे, चाळीस वर्षांच्या माणसाचे! जून २०२४ ला रिटायर झालेल्या माणसाला मार्चमध्ये परत बोलवायला लागलं. तेव्हा खालिद जमशेदपूरला होता, त्यानं नाही बोलवलं. आमच्या कोल्हापुरात स्ट्रायकर पोरं बख्खळ हायत, बारा-तेरा वर्षांची, उजवा डावा दोन्ही पाय चालतो. मोठ्या क्लबात गेली की विंगला ढकलत्यात नाहीतर फुल बॅक करत्यात. आमचा अनिकेत जाधव २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला तेव्हा फॉरवर्ड म्हणून खेळला, पुढं क्लबांत बघा किती वेळा विंगला नाहीतर त्याच्याही मागं खेळायला लागलं त्याला. आता राष्ट्रीय कोचनं नऊ नंबर, म्हणजे गोल मारणारा सेंटर फॉरवर्ड, कुठनं आणायचा ते सांगा.

सेंटरहाफ_दादर | २० नोव्हेंबर, दुपारी १.१०

@पेठकर, भावा अगदी बरोबर.

@फर्ग्युसन_कट्टा, हाफटाइमचा मुद्दा मान्य. मीही त्या दिवशी ओरडत होतो की मिडफिल्डमध्ये एक माणूस वाढवा. सब्स्टिट्यूशनला उशीर झाला. ही टीका रास्त आहे, माझा राग त्यावर नाही. राग आहे तो 'छोट्या क्लबचा कोच' या शब्दावर. हा शब्द आयझॉलचा अपमान आहे, मुंबई एफसीचा अपमान आहे, आणि पैसे नसताना जे जे लोक या देशात फुटबॉल चालवतात त्या सगळ्यांचा आहे.

डेस्कवरचा_माणूस | २० नोव्हेंबर, संध्याकाळी ६.२०

मी बारा वर्षं एका दैनिकाच्या क्रीडा पानावर काम केलंय, आता त्या क्षेत्रात नाही. धागा वाचून राहवेना.

कोचवर का लिहिलं जातं ते सांगतो. मॅच संपते रात्री साडेनऊ-दहाला, पान सोडायचं असतं तासाभरात. समोर ९० मिनिटांची मॅच आहे, स्कोअर आहे आणि पत्रकार परिषदेत बसलेला एक माणूस आहे. त्याच्यावर तासात लिहिता येतं. फेडरेशनच्या कराराबद्दल लिहायचं तर कागद मिळवायला लागतात, वकिलाशी बोलायला लागतं, चार क्लबांच्या लोकांना फोन करायला लागतात, त्यातले तीन उचलत नाहीत, चौथा म्हणतो माझं नाव नको. असं काम करणारे पत्रकार आहेत, मी त्यांना ओळखतो, टेंडरचा विषय त्यांनीच महिनोन् महिने लावून धरला म्हणून तुम्हाआम्हाला कळला. पण मराठी दैनिकात फुटबॉलला जागा किती? क्रिकेट नसेल त्या दिवशी अर्धा कॉलम. त्या अर्ध्या कॉलममध्ये 'बांगलादेशकडून पराभव, प्रशिक्षकावर टीका' एवढंच बसतं.

त्यात खालिद बोलत नाही. पत्रकार परिषदेत त्याची उत्तरं एका वाक्याची. आधीचा कोच स्टिमाच होता तेव्हा तो स्वतः मथळे द्यायचा, भांडायचा, बाही सरसावून बोलायचा. लोकांना तो आवडो न आवडो, त्याची बाजू छापून यायची. खालिदची बाजू छापायला त्याने ती मांडायला तर हवी. मला वाटतं त्याने एकदा शांतपणे बसून सांगावं की कॅम्पला किती खेळाडू आले, किती दिवस मिळाले, कोणत्या क्लबने सोडले नाहीत. तक्रार म्हणून नको, माहिती म्हणून सांगावं.

गोलकिक | २० नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४५

हे माहीत नव्हतं. लिहिल्याबद्दल थँक्स.

शिट्टी_नागपूर | २० नोव्हेंबर, रात्री ९.३०

मी नागपुरात मुलामुलींना कोचिंग करते, डी लायसन्स आहे, म्हणजे फार मोठी कोणी नाही, पण लाँग बॉलबद्दल जे चाललंय त्यावर बोलायचंय.

लोक म्हणतात मागून पास देत देत वर यायला काय जातं, सिंगापूर खेळतंच ना. बॉल मागून खेळत वर आणायचा तर गोलकीपर, दोन सेंटर बॅक, आणि त्यांच्यापुढचा मिडफिल्डर या चौघांना एकमेकांच्या हालचाली झोपेत माहीत पाहिजेत. समोरच्याने प्रेस केलं की तिसरा माणूस कुठे उभा असेल हे बघायला वेळ नसतो, ते आधीच ठाऊक असावं लागतं. हे दहा दिवसांच्या कॅम्पमध्ये होत नाही. त्यातही निम्मे खेळाडू उशिरा येणार, काही क्लब सोडणारच नाहीत. मी माझ्या अंडर-१३ च्या मुलींना हे शिकवायला एक सीझन घालवलाय आणि अजून दर दुसऱ्या मॅचला बॉल गमावून गोल खातो आम्ही.

मग कमी दिवस असलेला कोच काय करतो? चार-चारच्या दोन ओळी घट्ट बांधतो, बॉल मिळाला की थेट विंगला नाहीतर पुढच्या उंच माणसाकडे, तिथे सेकंड बॉलसाठी, म्हणजे त्याच्याकडून सुटलेल्या बॉलसाठी, दोघांना धावायला लावतो, आणि कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो यावर घाम गाळतो. कारण असा सेट पीस चार दिवसांत बसवता येतो. ताजिकिस्तानविरुद्ध त्यांच्याच घरी २-१ जिंकलो ते दोन्ही गोल कुणाचे? अन्वर अली आणि झिंगन, दोघेही सेंटर बॅक. पहिला तर उवैसच्या लांब थ्रोवरून आलेला. तेव्हा कुणी लाँग बॉल म्हणून नाक मुरडलं नाही. मोहन बागानचे खेळाडू नाहीत, छेत्री नाही, आणि तरी त्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला हरवून तिसरे आलो, गुरप्रीतने शेवटची पेनल्टी अडवली तेव्हा मी अंगणात जाऊन ओरडले होते.

आता जिथे मला खालिद सर चुकलेत असं वाटतं ते पण सांगते. ही पद्धत तोवर चालते जोवर आपण पहिला गोल खात नाही. ढाक्यात ११ व्या मिनिटाला त्यांचा राकिब डावीकडून सुटला, क्रॉस आला, मोरसालिनने गुरप्रीतच्या आधी बॉल गाठला, १-०. तिथून पुढे बांगलादेश मागे बसला आणि आपल्याला बॉल घेऊन ब्लॉक फोडायचा होता, त्याची दुसरी योजनाच दिसली नाही. छांगटेचा एक शॉट त्यांच्या हमझा चौधरीने डोक्याने अडवला, नाहीतर बरोबरी झाली असती हे खरं, पण ८० मिनिटांत एवढंच? नुसते क्रॉस मारत राहिलो. प्लॅन बी पाहिजे होता. यावर टीका करा ना, मनापासून करा, मी पण करते. ती टीका वाचून मला शिकायला मिळेल. 'जुन्या काळातला' म्हटल्याने काय कळतं कुणाला?

फर्ग्युसन_कट्टा | २० नोव्हेंबर, रात्री १०.०५

ताई, हे मी सकाळी लिहायला हवं होतं. प्लॅन बी बद्दल तेच म्हणायचं होतं मला, तुम्ही नीट मांडलंत.

कालीघाट_मराठी | २१ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

मी नोकरीनिमित्त नऊ वर्षं कोलकात्यात, बांगला वाचता येतं आता. बांगलादेशच्या मीडियात काय चाललं होतं ते सांगतो, इथे उपयोगी आहे.

त्यांचा कोच हाविएर काब्रेरा, स्पॅनिश, २०२२ पासून आहे. ९ ऑक्टोबरला ढाक्यात हाँगकाँगकडून ३-४ हरले तेव्हा त्यांच्या पेपरात आणि फेसबुकवर त्याचा जो उद्धार झाला तो आपल्या खालिदच्या दसपट होता. सुरुवातीचा संघ चुकीचा, बदल चुकीचे, हाकला त्याला. सव्वा महिन्यात भारताला हरवलं आणि आता तोच माणूस इतिहास घडवणारा. ते पण आपल्यासारखेच एशियन कपच्या शर्यतीतून बाहेर पडलेले होते हं, दोघांचीही ढाक्यातली मॅच मानासाठी होती. पण त्यांच्या फेडरेशनने त्याला ठेवला. इंग्लंडमध्ये वाढलेला हमझा आणला, कॅनडाहून शमित शोम आणला, त्यांना एकत्र खेळायला वेळ दिला.

आपल्याकडे कोलकात्यात आज सकाळी चहाच्या टपरीवर एक काका मला म्हणाले, दादा, कोच बदलून काय होणार, आधी लीग सुरू करा. मैदानावर राहणाऱ्या लोकांना कळतं हे.

कलांग_कर | २१ नोव्हेंबर, सकाळी १०.५५

सिंगापूरहून लिहितोय, मूळचा सांगलीचा. ९ ऑक्टोबरच्या मॅचला नॅशनल स्टेडियममध्ये होतो, निळी जर्सी घालून. हाफटाइमच्या तोंडावर इखसान फांदीने गोल केला, दुसरा हाफ सुरू झाल्या झाल्या झिंगनला रेड कार्ड, मला वाटलं आता चार-पाच खाणार. दहा जणांनी जी झुंज दिली ती मी विसरणार नाही. ९० व्या मिनिटाला रहीम अलीने बॅक पास पकडून गोल केला तेव्हा आम्ही सगळे अनोळखी लोक एकमेकांच्या गळ्यात पडलो होतो. तो संघ कोचने हरवलेला संघ वाटत नव्हता, तो संघ कोचसाठी पळत होता.

पण मला एक कडू गोष्ट लिहायचीय. इथला कोच गॅव्हिन ली, पस्तिशीतला, इथलाच, जूनमध्ये अंतरिम म्हणून आला. आणि ज्या दिवशी आपण ढाक्यात हरलो त्याच दिवशी सिंगापूरने हाँगकाँगमध्ये जाऊन २-१ जिंकून एशियन कप गाठला. पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच, १९८४ ला यजमान म्हणून खेळले होते तेवढंच. साठ लाखांचा देश. इथली लीगही छोटीच आहे, स्टेडियम भरत नाही. पण लीग चालू आहे, तारखा ठरलेल्या आहेत, खेळाडूला शनिवारी मॅच आहे हे माहीत असतं. आणि साँग ज्याने आपल्याला दोन गोल मारले तो कोरियात जन्मलेला, इथे लीग खेळत राहिला आणि २०२१ ला सिंगापूरचा नागरिक झाला. म्हणजे इथे आधी लीग होती म्हणून साँग झाला. आणि देशी कोच पण यशस्वी होऊ शकतो हे इथे दिसतं, फक्त त्याच्या पायाखाली जमीन लागते.

पेठकर_कोल्हापूर | २१ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

सांगलीकर, वाचून अंगावर काटा आला राव.

जुना_रोव्हर्स | २१ नोव्हेंबर, दुपारी ४.१५

वय ७१. कूपरेजवर रोव्हर्स कप बघत मोठा झालो, वडील बोट धरून न्यायचे. टायपिंग सावकाश आहे, चुका समजून घ्या.

तुम्ही तरुण मंडळी बोलताय त्याला एक जुना दाखला देतो. १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक. भारत युगोस्लाव्हियाकडून १०-१ हरला. दहा गोल. आपली बरीचशी मुलं अनवाणी खेळली होती, थंडीत. कोच होते सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे शिक्षक. आजचा काळ असता तर विमानतळावर उतरायच्या आत त्यांना काढलं असतं. त्यांना ठेवलं. चार वर्षांनी १९५६ ला मेलबर्नला भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला, आपल्या मुंबईत टाटांकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले, ४-२. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. आणि १९६२ ला जकार्तात कोरियाला २-१ हरवून एशियाडचं सुवर्ण. तेव्हा रहीमसाहेब कॅन्सरने आजारी होते, पुढच्याच वर्षी गेले.

मी असं म्हणत नाही की खालिद म्हणजे रहीम. पण १०-१ नंतरही संतोष ट्रॉफी, रोव्हर्स, ड्युरँड, आयएफए शील्ड सगळं चालू होतं. खेळाडू खेळत होते. मुंबईत हार्वुड लीगला गर्दी व्हायची. कोच हरल्यावर परत येऊन ज्या मैदानावर उभा राहायचा ते मैदान जागेवर होतं. आता रोव्हर्स कप जाऊन पंचवीस वर्षं होतील, त्यावर कुणी अग्रलेख लिहिला नाही.

बाकी लाँग बॉलची टीका तर मी भारताचे जुने कोच हाऊटनच्या वेळी ऐकली, कॉन्स्टंटाइनच्या वेळी ऐकली. हाऊटनच्या संघाने २००८ ला दिल्लीत ताजिकिस्तानला ४-१ हरवून चॅलेंज कप जिंकला आणि २०११ च्या एशियन कपला गेला. कॉन्स्टंटाइनच्या वेळी आपण फिफाच्या यादीत ९६ व्या क्रमांकावर होतो. आपल्याला ज्या दोघांनी वर नेलं त्यांच्यावर हीच टीका होती.

सेंटरहाफ_दादर | २१ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.००

काका, नमस्कार. तुम्ही लिहीत राहा, टायपिंगचं काही नाही. २५ वर्षं आणि अग्रलेख, हे वाचून थांबलोच मी. कूपरेजला तुम्हाला कधीतरी भेटायला आवडेल.

@कलांग_कर, तुमचं म्हणणं मनाला लागलं. मी देशी कोच म्हणून खालिदची बाजू घेतोय का असं मी स्वतःला दोन दिवस विचारतोय. थोडंफार असेल. मुंबईत खेळलेला, महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, मग मुंबई एफसी, आपल्या डोळ्यांसमोरचा माणूस. आयएसएलमध्ये नॉर्थईस्ट युनायटेडला अर्ध्या सीझनला अंतरिम म्हणून आला आणि सेमीफायनलला नेलं. लागोपाठ दोन वर्षं फेडरेशनने त्यालाच वर्षातला सर्वोत्तम कोच ठरवलं. त्यामुळे आतून वाटतं की हा हरला तर पुढची दहा वर्षं परत कुणी भारतीय कोचला हात लावणार नाही. याआधीचा भारतीय कोच सावियो मेडेरा, त्याच्या नंतर १३ वर्षं गेली होती. ही भीती आहे माझी खरी. परदेशी कोच हरला की आपण म्हणतो तो कोच वाईट, देशी हरला की म्हणतात देशी कोच वाईट.

फर्ग्युसन_कट्टा | २१ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.४०

हे शेवटचं वाक्य मला पटलं. मी माझी टीका मागे घेत नाही, सब्स्टिट्यूशनवर पुढच्या वेळीही लिहीन, पण 'काढा' म्हणणाऱ्यांत मी नाही. त्याला एक पूर्ण सीझन मिळू दे, लीग सुरू असलेला सीझन. मग हिशेब करू.

रायन विल्यम्सबद्दल कुणी बोललंच नाही. ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला, ढाक्याला संघाबरोबर गेला पण ऑस्ट्रेलियाच्या फेडरेशनचं पत्र वेळेत आलं नाही म्हणून खेळता आलं नाही. तो असता तर पुढे फरक पडला असता असं मला वाटतं. विंगवरून आत येतो, बॉल पायात ठेवतो, नुसते क्रॉस नाहीत.

जुना_रोव्हर्स | २१ नोव्हेंबर, रात्री ८.२५

त्या मुलाची आई मुंबईची. आजोबा लिंकन ग्रोस्टेट ५० च्या दशकात मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळले. नातू आता भारताची जर्सी घालणार. मला हे वाचून फार आनंद झाला होता.

शिट्टी_नागपूर | २१ नोव्हेंबर, रात्री ९.१०

काका हे माहीतच नव्हतं! उद्या माझ्या पोरींना सांगते.

डेस्कवरचा_माणूस | २१ नोव्हेंबर, रात्री ९.५०

हीच बातमी मराठीत कुणी नीट केली पाहिजे. माझ्या जुन्या सहकाऱ्याला फोन करतो सकाळी.

पेठकर_कोल्हापूर | २२ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

बरं आता पुढचं बोला. ३१ मार्चला हाँगकाँगची मॅच, आपल्या घरच्या मैदानात. पॉइंटचा काही उपयोग नाही आता, पण विल्यम्स असंल, आणि तोपर्यंत लीग सुरू झाली तर पोरं खेळून आलेली असतील. कुठं ठेवत्यात ते कळू दे, केरळ असू दे न्हाईतर गुवाहाटी, आम्ही कोल्हापुरातनं सात-आठ जण निघतोय. स्टेडियम रिकामं दिसलं की मीडियाला अजून एक मथळा मिळतोय, तो द्यायचा नाही. कोण कोण येणार?

फातोर्डा_पूर्व_स्टँड | २२ नोव्हेंबर, सकाळी ९.४५

मी आणि माझा भाऊ. दोन.

सेंटरहाफ_दादर | २२ नोव्हेंबर, सकाळी १०.००

मी. मुलाची परीक्षा असते मार्चमध्ये, संपली असेल तर त्याला पण आणतो, १२ वर्षांचा आहे, भारताची मॅच अजून मैदानात बघितली नाही त्याने.

फर्ग्युसन_कट्टा | २२ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

मी पण. पुण्याहून दोघे.

पेठकर_कोल्हापूर | २२ नोव्हेंबर, सकाळी १०.३४

झालं मग. हलगी आणि ताशा आमच्याकडं लागला.